कलामेळ्याचा गाळा कुणाचा?

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा प्रथम भरला. पन्नासाहून अधिक गॅलऱ्या तेथे आल्या होत्या. दिल्लीत असा मेळा २००८ पासून भरतो आहे. नाशिकचा कलाविद्यार्थी चार तासांत मुंबईला पोचतो. पण त्याचे चित्र तेथे कसे पोचते, हे समजून घेतले पाहिजे.

मेळा म्हटले की आपल्याला जत्रा आठवते. जत्रेत पथारी टाकली की माणूस विक्रेता होतो. येथे गाळा गॅलरीला मिळतो, चित्रकाराला नाही. गॅलरी गाळ्याचे भाडे भरते, आपल्या चित्रकारांची कामे मांडते आणि विक्री झाली की बहुधा निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवते. म्हणजे चित्रकाराची निवड मेळ्याच्या कितीतरी आधी, गॅलरीच्या कचेरीत झालेली असते. तेथे ओळखी लागतात, इंग्रजी लागते, चित्र विकले जाईपर्यंत तग धरण्याची ऐपत लागते. जात कुणी विचारत नाही. विचारण्याची गरजच उरत नाही.

तरीही नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्याच्या गळ्यातले मडके आणि देवदासी चित्रात आणली. विक्रांत भिसे यांनी दलित पँथरचा लढा रंगवला. विषय आपला झाला, हे मोठेच काम आहे. परंतु त्या चित्राची किंमत कोण ठरवतो? ते कुणाच्या दिवाणखान्यात जाते? पुन्हा विकले गेले तर नफा कुणाचा? आपल्या मुलांना कुंचल्याबरोबर करारनामाही वाचता आला पाहिजे. ते शिकवणे आपल्या शिक्षकांचे काम आहे.