गाणाऱ्याची खोली

मावळातील सुदुंबरे हे गाव संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक. तुकोबांचे अभंग त्यांनी वहीत उतरून ठेवले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. शब्द उरले, परंतु ते कोणत्या गळ्यातून कसे उमटले, हे टिपण्याचे साधन त्या काळी नव्हते. आज ते घरोघरी आहे. साहजिकच घरातील वृद्ध भजनकऱ्याचा आवाज नातवंडांसाठी राखून ठेवावा, असे अनेकांस वाटते. पण पक्क्या घराच्या रिकाम्या खोलीत मुद्रण केले, की आवाज विहिरीतून आल्यासारखा भासतो. दोष यंत्रास दिला जातो. वस्तुतः तो भिंतींचा असतो.

गायकाचा स्वर मायक्रोफोनकडे सरळ जातो, तसाच भिंती, फरशी व छत यांवर आपटूनही येतो. समोर बसलेल्या श्रोत्याचे कान व मन हा घुमारा बव्हंशी बाजूस सारतात; यंत्रास तो विवेक नाही.

या घुमाऱ्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील अध्यापक वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून केलेल्या प्रयोगांतून बसविले. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या. गाद्या वाढल्या तसा घुमारा घटला. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परतत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी हे शोषणाचे माप ठरले. घनफुटांतील घनफळास 0.049 ने गुणून एकंदर शोषणाने भागले, की घुमाऱ्याचे सेकंद मिळतात.

समजा, खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद व 10 फूट उंच आहे. घनफळ 1200 घनफूट. सर्व पृष्ठे मिळून 680 चौरस फूट. गुळगुळीत गिलावा शेकडा 3 इतकाच ध्वनी शोषतो असे धरल्यास शोषण जेमतेम 20 भरते आणि घुमारा जवळजवळ 3 सेकंदांचा होतो. गायनास तो 0.4 सेकंदांवर आणावयाचा, तर शोषण 147 हवे. जाड गोधडी निम्मा ध्वनी गिळते असे मानले, तर सात फूट बाय सहा फुटांच्या सहा गोधड्यांत हे काम होते.

गोधड्या भिंतीस चिकटवू नयेत. चार बोटे अंतर राखून दोरीवर टांगाव्यात, म्हणजे खालचे स्वरही काहीसे शोषले जातात. पखवाजाच्या धुमेचा ध्वनिलहर कित्येक फूट लांब असल्याने पातळ चादरीस ती जुमानत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक तरी झाकावी, खाली जाजम अंथरावे, आणि गायकाने कोपरा टाळून बसावे. बाहेरची वर्दळ मात्र गोधडीने अडत नाही. त्यासाठी दारेखिडक्यांच्या फटी बुजवाव्यात आणि पहाटेची वेळ निवडावी.

अखेरीस एक टाळी वाजवावी. तिच्यामागे झणकार उरला, तर आणखी एक गोधडी टांगावी. एकदा मुद्रित झालेला घुमारा मागाहून पुरता पुसता येत नाही, आणि वृद्ध भजनकरी पुढल्या एकादशीस पुन्हा गावयास बसेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?