धुराला वाट द्या

घर बांधताना दिवाणखान्याची चिंता आपण आवर्जून वाहतो. स्वयंपाकघराच्या वाट्याला मात्र उरलेला कोपरा येतो. त्याच कोंदट कोपऱ्यात गृहिणीचे व तिच्या कडेवरील मुलाचे कित्येक तास जातात. लाकूड, गोवऱ्या, रॉकेल अशा इंधनांच्या घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

१९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेली व २०१६ साली सुधारलेली आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की स्वयंपाकघरास मोकळ्या जागेकडे उघडणारी किमान १ चौरस मीटरची खिडकी हवी. कोचीसारख्या दमट प्रदेशात खोलीच्या खिडक्या-झरोके मिळून जमिनीच्या एक-षष्ठांश, तर जोधपूरसारख्या कोरड्या प्रदेशात एक-दशांश असावेत.

परंतु ही संहिता म्हणजे शिफारस होय. स्थानिक नियमावलीने स्वीकारल्यावरच तिला कायद्याचे बळ लाभते. शिवाय खिडकीने धूर ओसरतो, पण स्वच्छ इंधनाची उणीव भरून निघत नाही. तेव्हा नकाशाला संमती देण्यापूर्वी घरातील स्त्रीलाच पुढे बसवावे आणि तिने विचारावे : “धूर जाणार कोठून?”