भाषेच्या वर्गांतील मौन

पुण्यास फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. तेथें किंवा तशाच एखाद्या वर्गांत जाऊन आपल्या मुलानें अथवा मुलीनें जर्मन, फ्रेंच वा जपानी भाषा पदरांत पाडून घ्यावी, अशी इच्छा आतां आमच्या व्यापारी मंडळींतही दिसूं लागली आहे. चाकणच्या बाजूस परदेशी कारखाने आल्यापासून ही निव्वळ हौस राहिलेली नसून पोटापाण्याची गोष्ट झाली आहे. तेव्हां अशा वर्गांत विद्यार्थ्यानें वागावें कसें, याचा विचार फी भरणाऱ्या पालकांनींही करणें अवश्य आहे. आमचें म्हणणें कोणा एका विभागास उद्देशून नाहीं.

आमच्या विद्यापीठांत सामान्यतः शेंकडा ७५ हजेरी लागते. नियम बरा आहे. परंतु तो देहाची हजेरी मोजतो, जिभेची नव्हे. इतिहासाच्या तासास विद्यार्थी स्वस्थ बसून टिपणें करील, तर त्याचें काम बहुतांशीं झालें. भाषेच्या वर्गांत तीच शिस्त निरुपयोगी ठरते. ३० मुलांच्या वर्गांत तासाभरांत एकेकाच्या वांट्यास बोलावयास फार तर दोन मिनिटें येतात. तींही मागच्या बांकावर दडून घालविलीं, तर घरून येण्याचें प्रयोजन काय?

याचें मूळ आळसापेक्षां लाजेंत अधिक आहे. खेड्यांतून आलेला मुलगा उठून वाक्य बोलूं लागतो, उच्चार चुकतो, आणि पुढच्या बांकांवर खसखस पिकते. त्या दिवसापासून तो वर्गांत येतो, लिहितो, परीक्षाही देतो. बोलत मात्र नाहीं. आमच्या मतें गैरहजेरीपेक्षां हंसण्याचा हा अपराध मोठा आहे. गैरहजर विद्यार्थी स्वतःचें नुकसान करितो. हंसणारा दुसऱ्याचें तोंड बंद करितो. शिक्षकांनीं येथें मुळींच गय करूं नये. (चूक ऐकून स्वतःच स्मित करणारे शिक्षकही आहेत, हें नमूद करणें भाग आहे.)

व्यापाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. मारवाडांतून वा कच्छांतून आलेला दुकानदार मराठी कोणत्या शाळेंत शिकला? लिंग चुकलें, गिऱ्हाइकें हंसलीं, आणि दुसरे दिवशीं दुकान उघडून तो पुन्हां बोलूं लागला. लाजून त्याचें चालण्यासारखें नव्हतें. त्याचाच मुलगा आज वर्गांत मौन धरून बसतो!

प्रमाणपत्रावर विसंबण्यांतही अर्थ नाहीं. जपानी भाषेच्या प्रावीण्य-परीक्षेच्या २०१० पासून पांच पायऱ्या आहेत. त्यांपैकीं एकींतही तोंडी परीक्षा नाहीं. शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण एवढेंच तींत तपासतात. त्यांत भाषांतराचें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आलें आहे. अडलेला शब्द त्यांत पाहिला तर आमची हरकत नाहीं. पण घरीं लिहावयाचा निबंधही तेंच लिहूं लागलें, म्हणजे शिक्षकानें गुण द्यावयाचे कोणास? चुकांनीं भरलेलें विद्यार्थ्याचें स्वतःचें पान हेंच शिक्षकाच्या उपयोगाचें. त्यावरूनच त्यास उद्यां काय शिकवावयाचें तें कळतें.

पालकांनीं रात्रीं जेवतांना गुण विचारण्याऐवजीं, आज वर्गांत कोणतें वाक्य बोललास तें म्हणून दाखव, असें विचारून पाहावें. अर्थ कळला नाहीं तरी हरकत नाहीं. मुलगा अडखळतो कीं काय, तें बापास ऐकूं येतेंच.