कोणत्या ट्रॅकवर कोणता ड्रायव्हर? फँटसी स्टॉक कार रेसिंगचा हिशेब

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट नवशिक्या पोऱ्यालाही ठाऊक असते. जो ताका एका गावच्या बाजारात हातोहात खपतो, तोच दुसऱ्या गावी धूळ खात पडतो. माल खराब नसतो, बाजार निराळा असतो. अमेरिकेतील स्टॉक कार रेसिंगवर जो फँटसी खेळ खेळला जातो, त्यात नेमका हाच नियम चालतो. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाईकांकडून या खेळाचे नाव आपल्या अनेक वाचकांच्या कानावर आले असेल. त्यातील हिशेब व्यापारी माणसाने समजून घेण्यासारखा आहे, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

खेळ काय आहे?

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विक्रीला ठेवलेली साधी मोटार. अशा मोटारींच्या शर्यती भरवणारी नॅस्कार ही संस्था १९४८ साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थापन झाली. आजच्या गाड्या फक्त दिसायला दुकानातल्यासारख्या असतात, आतून त्या पूर्णपणे शर्यतीसाठी बनवलेल्या असतात. सर्वांत वरच्या दर्जाच्या कप मालिकेत वर्षाला ३६ शर्यती होतात आणि एका शर्यतीत साधारणपणे ४० पर्यंत गाड्या धावतात.

फँटसी खेळणारा स्वतः गाडी चालवत नाही. तो कागदावर ड्रायव्हर निवडतो आणि त्या ड्रायव्हरांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर त्याला गुण मिळतात. एका प्रचलित पद्धतीत ५०,००० ची कागदी रक्कम दिलेली असते आणि तेवढ्यात ६ ड्रायव्हर बसवायचे असतात. नामांकित ड्रायव्हरचा भाव जास्त, इतरांचा कमी. शेवटच्या क्रमांकाचे गुण तर मिळतातच. शिवाय जेथून सुरुवात केली त्यापेक्षा जितके क्रमांक पुढे जाल तितके गुण वाढतात, मागे पडाल तितके कापले जातात. जितक्या फेऱ्या सर्वांच्या पुढे राहाल, त्या प्रत्येक फेरीला पाव गुण. सर्वांत वेगवान फेरीलाही थोडे गुण असतात.

ट्रॅक बदलला की या नियमांचे वजन बदलते. सारी मेख येथेच आहे.

लहान ट्रॅक: पुढे राहणाऱ्याचा बाजार

व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल ०.५२६ मैलाचा आणि टेनेसीतील ब्रिस्टल ०.५३३ मैलाचा आहे. ट्रॅक लहान, म्हणून फेऱ्या भरपूर. ५०० फेऱ्यांच्या शर्यतीत पुढे राहण्याचे एकूण १२५ गुण वाटायला असतात. येथे दुसऱ्याला मागे टाकणे कठीण, म्हणून जो पुढून सुरुवात करतो तो बराच वेळ पुढेच राहतो. डेनी हॅमलिनचे उदाहरण घ्या. व्हर्जिनियाच्या लहान ट्रॅकवरच तो तयार झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये मार्टिन्सव्हिलला तो २७६ फेऱ्या पुढे होता, पण शर्यत मार्टिन ट्रुएक्स ज्युनियरने जिंकली आणि हॅमलिन तिसरा आला. वर्तमानपत्रात त्याचे नाव तिसऱ्या ओळीत, परंतु फँटसीच्या वहीत त्या फेऱ्यांचेच ६९ गुण जमा. नुसते विजेत्यांचे नाव पाहणाऱ्याला हा नफा दिसत नाही.

म्हणून लहान ट्रॅकवर पुढून निघणारे एक-दोन महागडे ड्रायव्हर घ्यावेत आणि उरलेल्या रकमेत स्वस्त पण गाडी सांभाळून आणणारे बसवावेत.

मोठे ट्रॅक: मागून निघणाऱ्याचा बाजार

डेटोना २.५ मैलांचा, अलाबामातील टालाडेगा २.६६ मैलांचा. वळणे अशी तिरकी की डेटोनाला ३१ आणि टालाडेगाला ३३ अंशांचा उतार आहे. १९८७ साली टालाडेगात बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांच्या जाळीवर आदळली. त्यानंतर १९८८ पासून येथे इंजिनाची ताकद मुद्दाम कमी ठेवली जाते. परिणाम असा की सर्व गाड्यांचा वेग जवळपास सारखा होतो आणि त्या एकमेकींना चिकटून झुंडीने धावतात. एकाचा तोल गेला की वीस-वीस गाड्या एकदम निकामी होतात.

अशा ठिकाणी नाव आणि भाव यांना फारसा अर्थ उरत नाही. मायकेल मॅकडॉवेलला आपल्या ३५८ व्या शर्यतीत, २०२१ च्या डेटोना ५०० मध्ये, पहिला विजय मिळाला. अपघात कोणाच्या वाट्याला येईल हे सांगता येत नाही, पण नुकसान किती होईल हे आधी ठरवता येते. पहिल्या क्रमांकावरून निघालेला अपघातात सापडून ३५ वा आला तर त्याचे ३४ गुण कापले जातात. ३२ व्या क्रमांकावरून निघालेला ३५ वा आला तर फक्त ३ जातात, आणि आठवा आला तर २४ मिळतात. म्हणून येथे मागून निघणारे ड्रायव्हर जास्त घ्यावेत. पुढे राहण्याचे गुण अनेकांत वाटले जातात, त्यांच्या मागे लागू नये.

जॉर्जियातील अटलांटाचा ट्रॅकही २०२२ पासून याच गटात आला. उतार २४ वरून २८ अंश केला आणि गाड्या झुंडीने धावू लागल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे डॅनियल सुआरेझ अवघ्या ०.००३ सेकंदाने जिंकला. २०२२ पूर्वीचा अटलांटाचा आकडा दाखवून कोणी सल्ला देत असेल, तर तो जुना दरपत्रक दाखवत आहे असे समजावे.

डावी-उजवी वळणे: कारागिराचा बाजार

कॅलिफोर्नियातील सोनोमा किंवा न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे वळणे दोन्ही बाजूंना आहेत. गिअर आणि ब्रेक यांवर हात बसलेला असावा लागतो. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन २०२३ साली शिकागोच्या रस्त्यांवरील शर्यतीत प्रथमच कप मालिकेत उतरला आणि जिंकला. पदार्पणातच विजय ही गोष्ट १९६३ नंतर प्रथमच घडली. २०२५ साली अशा ६ शर्यतींपैकी ५ त्याने जिंकल्या, मात्र गोल ट्रॅकवर त्याला एकही विजय मिळाला नाही. त्याला वर्षभर घेणारा फसतो आणि वर्षभर टाळणाराही फसतो.

काही लीगमध्ये एका ड्रायव्हरला ठराविक वेळाच वापरता येते. तेथे असा खास माल त्याच्या खास बाजारासाठी राखून ठेवावा.

टायर खाणारे ट्रॅक

दक्षिण कॅरोलायनातील डार्लिंग्टन १९५० साली सुरू झाला. शेजारचे मासळीचे तळे बुजवायचे नव्हते म्हणून त्याचे एक टोक अरुंद ठेवले, अशी हकीकत सांगतात. त्याचा पृष्ठभाग खरखरीत आहे आणि टायर लवकर झिजतात. अशा ठिकाणी सरावातील एका फेरीचा वेग पाहून भुलू नये. सलग दहा-पंधरा फेऱ्यांची सरासरी कोणाची टिकते ते पाहावे. कापडाचा रंगही पहिल्या धुण्यानंतरच कळतो.

सरासरीपासून सावध

एक ड्रायव्हर तिसरा, चौथा आणि ३६ वा आला. सरासरी १४.३. दुसरा तिन्ही वेळा चौदावा. सरासरी १४. कागदावर दुसरा सरस! पण ३६ वा क्रमांक दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या अपघातामुळे आला असेल, तर पहिलाच खरा माल आहे. आकड्यामागचे कारण विचारल्याशिवाय आकडा घेऊ नये. तसेच २०२२ साली गाडीची बनावटच बदलली, म्हणून त्यापूर्वीच्या विक्रमांना कमी वजन द्यावे.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत हा खेळ मित्रमंडळींत फुकटही खेळतात आणि पैसे लावूनही. पैसे लावले की तो हिशेब राहत नाही, जुगार होतो. आपल्या देशात तर २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. वाचकांनी यातून घ्यायचे ते एवढेच: आधी बाजार ओळखावा, मग मालाला हात लावावा, आणि बुडाले तर किती बुडेल हे खरेदीपूर्वी वहीत मांडून ठेवावे.