कॉफीची लाकडी घोडी

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका हा कॉफी पिकविणारा देश. तेथे घरोघर कॉफी गाळण्यासाठी एक लाकडी घोडी वापरीत आले आहेत. तिला म्हणतात ‘चोर्रेआदोर’. नावात चोर ऐकू आला तरी घाबरू नये. स्पॅनिश भाषेत ‘चोर्रेआर’ म्हणजे धार लागणे, गळणे.

रचना साधी. खाली पाट, त्यावर उभा खांब, खांबाच्या माथ्यावरून पुढे आलेला हात आणि त्या हाताला वाटोळे भोक. भोकात तारेच्या कड्यावर शिवलेली सुती पिशवी अडकवायची, तिच्यात दळलेली कॉफी घालायची व वरून कढत पाणी सोडायचे. कॉफी खालच्या भांड्यात उतरते. आपल्याकडे फडक्यातून चहा गाळीत, तीच ही युक्ती. फडके धरणारा हात तेवढा लाकडाचा झाला.

यात कारागिरी ती कोणती, असे कोणी विचारील. भरलेली पिशवी पुढे लोंबते. पाट पुढे पुरेसा लांब नसेल, तर घोडी कढत पाण्यासकट कोलमडते. हाताच्या लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेनेच जायला हवेत. आडवे गेले, तर तो भोकापाशी मोडतो. लाकूड ओले झाले की फुगते, वाळले की आकसते. म्हणून खांबाचे कुसू पाटाच्या खाचेत नेमके बसवावे लागते. शेवटी तेलाचा हात, म्हणजे पाणी लवकर मुरत नाही. दुकानात मांडलेल्या घोडीकडे पाहून यांतले फारच थोडे कळते.

याच देशातील सुतारांनी आऱ्या नसलेल्या, चिखलात न रुतणाऱ्या चाकांच्या बैलगाड्या घडविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या गाड्या डोंगर ओलांडून दहा-पंधरा दिवसांत कॉफी पुंतारेनास बंदरावर नेत. २००८ साली युनेस्कोने ही बैलगाडीची परंपरा मानवजातीच्या वारशात नोंदविली. गौरव झाला, हे चांगलेच. पण गौरवाने सुताराची चूल पेटत नाही.

एका लाकूडकामाच्या कारखान्यात आम्ही मजुरीची बोलणी करीत होतो. दर खुर्चीमागे ठरे. सांध्याला लागणारा वेळ दरात धरा, एवढीच आमची मागणी. “आतला सांधा गिऱ्हाईक पाहतो कुठे? खिळा ठोका,” असे उत्तर मिळाले. खिळे ठोकले गेले. वर्षभरात डुगडुगणाऱ्या खुर्च्या परत आल्या, आणि दुरुस्ती सुतारांच्याच माथी मारली गेली, बिनमजुरीने.

तेव्हा चोर कुठे आहे, ते आपणच ठरवा. हातची वस्तू महाग का, असे विचारण्यापूर्वी तिचा सांधा एकदा हलवून पाहावा. आणि तो हलत नसेल, तर त्यासाठी कोणाचा किती वेळ गेला, तेही विचारावे.