डाळीतला फॉस्फरस जातो कुठे?

सिंगापूरच्या टेक्का मार्केटमधून आणलेल्या 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 300 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. आपली हाडं, दात आणि पेशींमधला डीएनए यांना तो लागतोच.

कार्बन-नायट्रोजनसारखा फॉस्फरस हवेतून फिरत नाही. खडक झिजतो, फॉस्फरस मातीत येतो, मुळांतून पिकात, पिकातून पोटात. पुढे पाण्याबरोबर समुद्रतळाशी. तिथला गाळ पुन्हा खडक होऊन वर यायला लाखो वर्षं लागतात.

सिंगापूरचं नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येतं, म्हणजे परदेशच्या शेतांतला फॉस्फरसही. त्यातला बराचसा संडासातून खोल बोगद्यांत, तिथून चांगीच्या शुद्धीकरण केंद्रात जातो. गाळ जाळतात आणि राख सेमाकाऊ बेटावर, 1999 पासून चालू असलेल्या भरावात पुरतात. शहर स्वच्छ राहतं हे खरंच कौतुकाचं, पण शेताचं देणं मात्र शेताला परत मिळत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

तलावात फॉस्फरस साचला तर शेवाळ माजतं. म्हणून पुंगोल जलाशयात तरंगती पाणथळ बाग केली आहे. पाण्यात लोंबणारी मुळं फॉस्फरस शोषून घेतात.