घडीच्या चाकूचे वय कसे ओळखावे?

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घराघरातल्या जुन्या पेट्या उघडल्या जातात. अमळनेर तालुक्यातील एका स्नेह्यांच्या घरी अशाच पेटीत खिशात मावणारे तीन घडीचे चाकू निघाले. त्यातला मोठा चाकू दाखवून घरातले आजोबा म्हणाले, "हा आमच्या आजोबांचा. १८८० सालचा आहे." पाती काळी पडली होती आणि घरातला मुलगा पॉलिश पेपर घेऊन तयारच होता. आम्ही त्याला थांबवले. धुळ्याला आमच्या घरी असलेला असाच एक चाकू पूर्वी आम्हीच घासून लख्ख केला होता. पाते चकाकले, पण त्याच्या बुडाशी असलेली अक्षरे नाहीशी झाली. तो चाकू कुठला आणि कधीचा, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

अशा चाकूंचे काम एके काळी लिहिण्याशी जोडलेले होते. मोडी कागदपत्रे बोरूने लिहीत, आणि बोरूचे टोक झिजले की ते तासावे लागे. पुढे पेन्सिली आल्या, त्यांनाही टोक काढायचेच होते. त्यामुळे शिक्षक, कारकून, व्यापारी अशा अनेकांच्या खिशात घडीचा चाकू असे. यातले पुष्कळ चाकू इंग्लंडमधील शेफिल्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन या गावांतून येत.

आधी अक्षरे वाचा

चाकू पूर्ण उघडा. पाते जिथे खिळ्याभोवती फिरते, त्याच्या लगतचा भाग बोथट असतो. बनवणाऱ्याची खूण बहुधा तिथेच ठोकलेली असते. भिंगातून आणि तिरप्या उजेडात पाहिले, तर पुसट अक्षरेही दिसतात.

प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा: ही खूण कोणत्या वर्षाआधी असूच शकत नाही? काही उदाहरणे पाहू.

परदेशी मालावर शेफिल्डचे खोटे नाव घालण्याचे प्रकार वाढल्यावर ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि भारतात १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदे झाले. १८९० च्या अमेरिकन कायद्याने तर आयात मालावर देशाचे नाव असणे सक्तीचे केले. म्हणून 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असे देशाचे नाव असलेला चाकू बहुधा १८९० नंतरचा असतो. 'वेस्ट जर्मनी' असेल, तर तो १९४९ ते १९९० या काळातला. 'स्टेनलेस' हा शब्द असेल, तर १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्ये न गंजणारे पोलाद त्या वर्षी बनवले. 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव १९२१ सालचे आहे.

शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची चांदणी आणि क्रूस ही खूण मात्र १६८२ पासूनची. इतका लांब काळ चाललेली खूण वय सांगायला फारशी उपयोगी नाही. तिच्याजवळ मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतील, तर ती पाहावीत. 'व्ही.आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया (१८३७ ते १९०१), 'ई.आर.' म्हणजे सातवा एडवर्ड (१९०१ ते १९१०), 'जी.आर.' म्हणजे जॉर्ज.

सर्व खुणांमध्ये जी सर्वात अलीकडची, तिच्यानंतरच चाकू तयार झाला असला पाहिजे. जुनी खूण नव्या वस्तूवर असू शकते, नवी खूण जुन्या वस्तूवर सहसा नसते. अपवाद एकच, मोडलेले पाते बदललेले असेल तर. म्हणून पाती एकाहून जास्त असतील, तर प्रत्येक पात्याची खूण वेगळी वाचावी.

लोहचुंबकाची गंमत

चुंबक चिकटला म्हणजे साधे पोलाद आणि नाही चिकटला म्हणजे स्टेनलेस, असे अनेक जण मानतात. जेवणाच्या ताटाच्या बाबतीत हे बहुधा जमते, चाकूच्या बाबतीत नाही. ताटाच्या पोलादात निकेल असते. त्यामुळे त्याची स्फटिकरचना वेगळी होते आणि चुंबक चिकटत नाही. चाकूच्या पात्याला कठीणपणा हवा. त्यासाठीच्या स्टेनलेस पोलादात क्रोमियम आणि कार्बन असतात, आणि ते चुंबकाला चिकटते.

मग ओळखायचे कसे? जळगावच्या वाचकांना उत्तर ठाऊक असेल. कच्ची केळी साध्या पोलादाच्या चाकूने चिरली की पाते काळेनिळे होते. केळीच्या चिकात टॅनिन असते, त्याची लोखंडाशी क्रिया होऊन काळानिळा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच क्रियेने होते. जुन्या पात्यावरचा घट्ट, सपाट काळेपणा बहुतेक असाच वर्षानुवर्षांच्या वापराचा असतो, आणि तो काढायचे कारण नाही. लाल, भुसभुशीत गंज मात्र वेगळा. तो ओलावा धरून ठेवतो आणि धातू पोखरत जातो. मऊ फडक्यावर शिवणयंत्राचे तेल घेऊन तेवढाच पुसावा. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर यांना हात लावू नये.

मूठ कशाची?

हाडाच्या मुठीवर भिंगातून बारीक ठिपके किंवा रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या होत. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सांबरशिंगाची मूठ खडबडीत, तपकिरी असते. अशी शिंगे भारतातून शेफिल्डला जात, म्हणजे तिथून आलेल्या चाकूची मूठ मुळात इथल्याच जंगलातली असू शकते. सेल्युलॉइड हे १८७० च्या सुमाराचे कृत्रिम द्रव्य. बोटाने घासून गरम केले की त्याला कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून परीक्षा कधीही करू नये, सेल्युलॉइड भडकन पेटते. जुने झाल्यावर त्यातून आम्लधर्मी वायू निघतात आणि शेजारचे चाकूही गंजतात, म्हणून असा चाकू वेगळा ठेवावा.

संग्रह करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या खरेदी-विक्रीला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.

अमळनेरचा चाकू

मोठ्या चाकूवर चांदणी, क्रूस, मुकुट, 'जी.आर.' आणि 'इंग्लंड' एवढे वाचता आले. चौथा जॉर्ज १८२० ते १८३० या काळात राजा होता, पण 'इंग्लंड' या शब्दामुळे तो बाद झाला. उरले पाचवा आणि सहावा जॉर्ज, म्हणजे १९१० ते १९५२. मुठीच्या टोकाच्या धातूवर कोणीतरी गावाचे नाव आणि 'पू. खा.' असे कोरून घेतले होते. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले आणि १९६० साली त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. कोरीव अक्षरे नंतरची असू शकतात, पण ती या हिशेबाशी जुळतात.

म्हणजे १८८० हे साल चुकले. आम्हाला सांगताना थोडे अवघड वाटले. आजोबा मात्र चाकू हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "मग हा माझ्या वडिलांचा. ते शाळामास्तर होते. मुलांच्या पेन्सिलींना तेच टोक काढून देत." पाते झिजून अरुंद झाले होते, ते का, हेही आम्हाला कळले.

धुळ्याला राहून इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुने कागद गोळा केले. कागद कोणाच्या घरी, कोणत्या गावी मिळाला, यावर त्याची किंमत ठरते. चाकूचेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक चाकूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: कोणाचा, कुठे मिळाला, कोणी सांगितले. ऐकीव माहिती आणि वाचलेल्या खुणा वेगवेगळ्या लिहाव्यात.

वर्गात करून पाहा

चाकू शाळेत आणायला सांगू नये. घरातल्या मोठ्या माणसाने चाकू उघडून घट्ट धरावा, विद्यार्थ्याने खुणेवर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवावी. खुणेचा ठसा उमटतो. वर्गात ठसे मांडून प्रत्येकासाठी दोन वर्षे काढावीत: याआधीचा नाही आणि, जमल्यास, यानंतरचा नाही. अडकित्ते, कुलपे आणि तांब्यापितळेची भांडी यांच्यासाठीही हीच पद्धत चालते.